अर्थची पिन कापून माईकची कुईं थांबत नाही

‘माईक कुईं करतो? साउंडवाल्याला पैसे देऊ नका, घरच्या घरी हे ९ उपाय करा’ हा मेसेज सध्या वडोदऱ्यातल्या मंडळांच्या ग्रुपवरून फिरतो आहे. दांडिया बाजारातल्या मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो पोचला तेव्हा खाली हात जोडलेल्यांची रांग होती आणि एक प्रश्न होता : ‘पिन कापायला इलेक्ट्रिशियन लागेल का, की पक्कडीने होईल?’ त्या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं, म्हणून हा खटाटोप.

मेसेजातले नऊ मुद्दे थोडक्यात असे. १. माईक जाळीजवळ मुठीत घट्ट धरा. २. स्पीकर गाणाऱ्यांच्या मागे ठेवा, म्हणजे त्यांनाही ऐकू येईल. ३. ट्रेबल शून्यावर आणा. ४. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढा, नाहीतर तिला टेप गुंडाळा. ५. जास्त माईक लावा, म्हणजे प्रत्येकाचा आवाज कमी ठेवता येतो. ६. इको वाढवा, शिट्टी झाकली जाते. ७. वायरलेस घ्या, त्याला कुईं येतच नाही. ८. फीडबॅक मारणारं ऑटोमॅटिक मशीन लावा आणि निश्चिंत राहा. ९. माईकवर फोमची टोपी घाला, मोबाइल बंद करा; हॉल भरला की उरलेली शिट्टी आपोआप थांबते.

या नऊत एक जिवावर बेतणारा आहे, चार उलटे आहेत, दोन निरुपयोगी आहेत आणि उरलेल्या दोनांत अर्धं-अर्धं खरं आहे.

आधी कुईं म्हणजे काय ते एकदाच. माईकने घेतलेला आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पीकरला जातो, स्पीकरमधून निघून हवेतून परत त्याच माईकवर येतो. एखादा सूर एका फेरीत होता तेवढाच किंवा जास्त होऊन परतला आणि लाटेवर लाट बरोबर बसली, तर पुढच्या फेरीत तो आणखी चढतो. स्पीकर माईकपासून तीन मीटरवर असेल तर आवाजाला तिथून यायला सुमारे नऊ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला शंभरावर फेऱ्या होतात. म्हणूनच ‘अरे, काहीतरी होतंय’ म्हणेपर्यंत कानठळ्या बसलेल्या असतात. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून याला लार्सन परिणाम म्हणतात. यात वीजजोडणी कुठेही येत नाही. स्पीकर, हवा आणि माईक एवढाच मामला आहे. फेरी कमजोर केली की कुईं गेली.

आता चौथा मुद्दा. मेसेज लिहिणाऱ्याने दोन वेगळे रोग एकाच नावाखाली घातले आहेत. कुईं वेगळी आणि घूंऽऽ वेगळी. घूं हा आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा आणि तिच्या दुप्पट-तिप्पट सुरांचा आवाज. तो एकसारखा, जाड, एकाच पट्टीत वाजत राहतो. माईक इकडे वळवा, तिकडे वळवा, त्याला काही वाटत नाही. कुईं मात्र माईक हलवला की बदलते, स्पीकरजवळ नेला की चढते, मिक्सरवरचा माईकचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढला की जागच्या जागी मरते. एवढी एक परीक्षा केली तरी कळतं आपल्यापुढे काय आहे. अर्थची पिन काढून कुईं जाण्याचा प्रश्नच नाही.

आणि हो, नाइलाजाने कबूल करतो : पिन काढली की घूं बऱ्याचदा खरंच थांबते. म्हणूनच हा उपाय इतकी वर्षं टिकून आहे. मिक्सर एका बोर्डावर आणि कीबोर्ड किंवा लॅपटॉप दुसऱ्या बोर्डावर असला, तर दोघांना दोन वाटांनी अर्थ मिळतो, सिग्नलच्या केबलची जाळी त्या दोन वाटा जोडते आणि त्या वळशातून वीज घुमते. एक पिन काढली की वळसा तुटतो. त्याबरोबर माणूस आणि मरण यांच्यामधली भिंतही तुटते, ते मात्र मेसेजात नाही.

तीन पिनांमध्ये अर्थची पिन लांब आणि जाड असते ती शोभेसाठी नाही. प्लग घालताना ती आधी टेकावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून. अ‍ॅम्प्लिफायरच्या आत फेजची तार घासून पत्र्याला लागली, तर अर्थ असताना मोठा करंट थेट अर्थमध्ये जातो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. पिन कापलेली असेल तर काहीच पडत नाही. पत्रा २३० व्होल्टवर गुपचूप बसून राहतो. मिक्सरचा पत्रा, एक्सएलआरची (माईकच्या तीन पिनांच्या जोडाची) पहिली पिन, केबलची जाळी आणि माईकची धातूची बॉडी ही सगळी एकमेकांना जोडलेली असतात. म्हणजे ती वीज वाट पाहत असते माईक हातात घेणाऱ्याची. तो माणूस भाद्रपदातल्या ओल्या जमिनीवर आरतीसाठी अनवाणी उभा असतो. याहून चांगला अर्थ कुठे मिळणार?

शरीरातून ३० मिलिअँपिअरच्या आसपास करंट गेला तरी तो जीव घेऊ शकतो. मंडपाच्या बोर्डावरचा एमसीबी १६ अँपिअरचा, म्हणजे त्याच्या पाचशेपट. ‘एमसीबी आहे की’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावा. एमसीबी तार वाचवतो; माणूस वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा खटका, लागतो. मंडपाला तात्पुरती जोडणी घेताना तो बसवलाय का हे विचारा, आणि बसवला असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून तो खरंच पडतो का ते पाहा. पिन कापलेला किंवा टेप गुंडाळलेला प्लग दिसला तर तो बदलल्याशिवाय कार्यक्रम सुरू करू नका. टेप गुंडाळली म्हणजे ‘तात्पुरतं’ होत नाही. टेप पुढच्या वर्षीही तिथेच असते, फक्त ती कोणी आणि का लावली ते कोणाला आठवत नाही.

मग घूंचं काय करायचं? मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर, कीबोर्ड, लॅपटॉप सगळं एकाच जागेवरून निघालेल्या, अर्थ असलेल्या बोर्डावर लावा. निम्म्या वेळा एवढ्यानेच काम होतं. कीबोर्डापासून मिक्सरपर्यंत लांब मोनो जॅकची वायर ओढू नका. कीबोर्डाशेजारी डीआय बॉक्स (कीबोर्डाचा सिग्नल लांब केबलीतून नेण्याजोगा करणारी छोटी डबी) ठेवा, तिथून पुढे एक्सएलआर न्या आणि घूं असेल तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्टचा खटका दाबा. तो खटका सिग्नलच्या केबलची जाळी सोडवतो, विजेचा अर्थ जिथल्या तिथे राहतो. लॅपटॉप चार्जरवर गुरगुरत असेल तर भजनापुरता बॅटरीवर चालवा. माईकच्या केबल विजेच्या बोर्डाच्या वायरींना समांतर बांधू नका. ओलांडाव्या लागल्या तर काटकोनात ओलांडा. एवढं सगळं सोडून पक्कड काढायची, याला काय म्हणावं?

पहिला मुद्दा इतका उलटा आहे की लिहिणाऱ्याने माईक कधी हातात धरला आहे का, अशी शंका येते. भजनात आणि ऑर्केस्ट्रात वापरतात ते बहुतेक माईक कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरचं ऐकतात आणि शेपटीकडून जवळजवळ बहिरे असतात. हा बहिरेपणा येतो तो जाळीच्या आत, आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याच्या मागच्या बाजूला ठेवलेल्या छोट्या वाटांमुळे. मागून आलेला आवाज पडद्याच्या दोन्ही बाजूंना असा पोचतो की एकमेकाला खोडतो. तुम्ही जाळी मुठीत धरलीत की त्या वाटा बुजतात. माईकला आता चहूबाजूंचं ऐकू येऊ लागतं, मागच्या मॉनिटरचंही, म्हणजे गाणाऱ्यांकडे तोंड करून ठेवलेल्या छोट्या स्पीकरचंही. वर मुठीत तयार झालेली पोकळी काही सूर स्वतःच फुगवते. कुईं आली म्हणून घाबरून माईकवर तळवा ठेवला आणि कुईं दुप्पट झाली, हे ज्याने-त्याने पाहिलेलं आहे. कारण हेच.

हे माझं मत नाही. श्युअर कंपनीचा एसएम ५८ हा माईक १९६६ पासून बाजारात आहे आणि त्याच्यासारखे दिसणारे, खरे-खोटे माईक भाड्याच्या प्रत्येक पेटीत आहेत. त्याच्यासोबत जी माहितीपत्रिका येते तिच्यातच सांगितलंय की जाळीचा कुठलाही भाग हाताने झाकू नका. त्याच पत्रिकेत आणखी दोन गोष्टी आहेत : एका आवाजाला एकच माईक वापरा, आणि शिट्टीआधी जास्त आवाज मिळवायचा असेल तर माईक कमी करा. म्हणजे मेसेजाच्या पहिल्या आणि पाचव्या मुद्द्याचा निकाल माईक बनवणाऱ्यानेच लावून ठेवलाय.

माईक दांड्याला धरा, जाळीच्या गळ्याखाली. ओठांपासून जाळी दोन ते पाच सेंटिमीटर. कुईं आली तर हात झाकायला नव्हे, वळवायला वापरा : माईक तोंडाजवळच ठेवून त्याची शेपटी जवळच्या स्पीकरकडे करा. माईक खाली मांडीवर सोडू नका. तेव्हा तो मॉनिटरकडे तोंड करून बसतो आणि पुढची कुईं तुमच्या नावावर.

पाचवा मुद्दा ऐकायला शहाणा वाटतो, म्हणून जास्त घातक. ‘आठ जणींना आठ माईक, सगळे हळू.’ उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. दोन माईकांना ३, चारांना ६, आठांना ९. कारण फेरी एका माईकातून होत नाही, सगळ्या उघड्या माईकांतून मिळून होते. उलट बाजूने हिशेब पाहा : तोंड आणि माईक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल फुकट मिळतात. वीस सेंटिमीटरवरून पाचवर आलात तर १२. म्हणजे आठ माईकांनी जे घालवलं त्यापेक्षा जास्त तुम्ही नुसतं पुढे सरकून कमावलंत. भजनी मंडळाला मुख्य गाणारीला एक, कोरसला दोघी-दोघींत एक, पेटीला एक, तबल्याला एक पुरतो. टाळांना माईक लागत नाही. टाळ दुसऱ्या गल्लीत ऐकू येतात. जो गात नाही त्याचा माईक बंद, आणि बंद म्हणजे मिक्सरवर म्यूट. निवेदकाचा माईक भजनभर उघडा ठेवून वर ‘कुईं का येते’ विचारणं ही आपली जुनी खोड आहे.

दुसरा मुद्दा : स्पीकर मागे ठेवला की माईकचं तोंड सरळ त्याच्याकडे. गाणारी मधे आहे म्हणून आवाज अडत नाही, तिच्या बाजूंनी वळून येतो. मुख्य स्पीकर माईकांच्या रांगेपेक्षा निदान दीड-दोन मीटर पुढे, श्रोत्यांच्या बाजूला, किंचित बाहेर वळवून ठेवा. उघड्यावर हे अंतर दुप्पट केलं की परत येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. बंद वाडीत, म्हणजे समाजाच्या हॉलमध्ये, भिंतींमुळे एवढा फायदा मिळत नाही, पण मिळतो. गाणाऱ्यांना स्वतःचं ऐकायचं असेल तर छोटा मॉनिटर समोर जमिनीवर, माईकच्या शेपटीकडे. इथे एक बारकावा : साध्या कार्डिऑइडची बहिरी बाजू बरोबर मागे असते, पण सुपरकार्डिऑइडची तशी नसते. तो मागून थोडं ऐकतो आणि सर्वांत बहिरा असतो समोरपासून साधारण १२५ अंशांवर. त्याला मॉनिटर सरळ मागे न ठेवता तिरका ठेवावा लागतो. माईक कोणता ते खोक्यावर किंवा दांड्यावरच्या खुणेवरून कळतं. नवा ‘भारी’ माईक आणल्यावर जास्तच कुईं का येऊ लागली, याचं उत्तर बऱ्याचदा या कोनात असतं.

तिसरा, ट्रेबलचा. इथे अर्धं खरं आहे : काही सूर कापल्याने कुईं जाते. पण कोणते सूर? कुईं ट्रेबलच्या नॉबपाशी राहत नाही. कधी ती २५०-५०० हर्ट्झवर ‘हूंऽ’ असते, कधी २-३ हजारांवर ‘ईऽ’. ट्रेबल शून्यावर आणला की स, श, च, त ही व्यंजनं जातात, अभंगाचे शब्द कळेनासे होतात, मागून कोणीतरी ‘आवाज वाढवा’ ओरडतो, आवाज वाढतो आणि कुईं परत येते, यावेळी खालच्या पट्टीत. एक सूर काढण्यासाठी सगळं गाणं कापायचं कशाला?

योग्य रीत कंटाळवाणी आहे, पण अर्ध्या तासात होते. सगळे माईक आणि माणसं आपापल्या जागी. गाणाऱ्यांच्या माईकांवर लो-कट (खालचे जाड सूर कापणारं बटण) दाबा, मिक्सरवर तो ८० किंवा १०० हर्ट्झचा असतो. ग्राफिक इक्वलायझरच्या (वेगवेगळ्या सुरांसाठी वेगवेगळ्या सरकपट्ट्या असलेल्या यंत्राच्या) सगळ्या पट्ट्या मध्यावर. इको बंद. मग आवाज हळूहळू वाढवत न्या, जिथे माईक नुसता गुणगुणू लागेल तिथे थांबा. तो सूर ओळखा आणि त्याची पट्टी ३ डेसिबल खाली करा. परत वाढवा, पुढचा सूर शोधा. चार-पाच पट्ट्यांपुढे जाऊ नका. एकाच वेळी पाच-सहा सूर कुईं करू लागले तर इक्वलायझरचं काम संपलं, स्पीकर हलवा. शेवटी सगळा आवाज ६ डेसिबल उतरवा आणि तिथेच ठेवा. ही ६ डेसिबलची राखीव जागा कार्यक्रमात कोणी माईक हलवला तर उपयोगी पडते. गेन (माईकचा स्वतःचा नॉब) वाढवून मास्टर (सगळ्यांचा मिळून नॉब) कमी किंवा मास्टर वाढवून गेन कमी, हा खेळ खेळू नका. फेरीला दोघांची बेरीज कळते, वाटणी कळत नाही.

सूर कसा ओळखायचा? फोनवर फ्रीक्वेन्सी दाखवणारी अ‍ॅप मिळतात. पण भजनी मंडळाकडे त्याहून जुनं यंत्र आहे : पेटी. कुईंचा सूर पेटीवर लावा, एकच रीडचा स्टॉप उघडा ठेवून. मध्य सप्तकातली पांढरी एक म्हणजे सुमारे २६२ हर्ट्झ, तिथे २५० ची पट्टी कापा. पांढरी तीन ३३० च्या आसपास, म्हणजे ३१५ ची पट्टी. पांढरी पाच ३९२, म्हणजे ४०० ची. पांढरी सात ४९४, म्हणजे ५०० ची. एक सप्तक वर गेलं की आकडा दुप्पट : तार सप्तकातली पांढरी एक ५२३, त्याच्या वरची १०४६. कुईं पेटीच्याही वर असेल तर तोच स्वर खालच्या सप्तकात शोधा आणि जितकी सप्तकं उतरलात तितक्या वेळा आकडा दुप्पट करा. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गायनशाळा काढली, तिथल्या पेटीवाल्याला हे साउंडवाल्यापेक्षा लवकर जमेल.

बास-ट्रेबलचे दोनच नॉब असलेला मिक्सर-अ‍ॅम्प्लिफायर असेल तर हे जमणार नाही. तिथे जागा आणि अंतर, एवढीच दोन शस्त्रं. ती पुरतात.

उरलेले पटापट. इको (६) शिट्टी झाकत नाही, तिला खाऊ घालतो. फेरीत आधीच फिरणाऱ्या आवाजात तो आणखी प्रती टाकतो. श्रोत्यांकडच्या स्पीकरला हवा तर थोडा द्या, मॉनिटरमध्ये अजिबात नको.

वायरलेस (७) मध्ये फक्त वायर जाते, हवा तीच राहते. उलट निवेदक मोकळा झाल्यामुळे चालत-चालत स्पीकरच्या पुढे येऊन उभा राहतो. कॉलरला लावायचा माईक तर आणखी वाईट : तो बहुधा चहूबाजूंचं ऐकणारा असतो आणि तोंडापासून वीसेक सेंटिमीटरवर. गालाजवळ येणारा हेडसेट अडीच सेंटिमीटरवर बसतो, म्हणजे १८ डेसिबलचा फरक. हात मोकळे हवे असतील तर तो घ्या.

आठव्यात तथ्य आहे, भाषणापुरतं. ही मशीनं दोन तऱ्हेची. एक, लांब टिकणारा एकच सूर दिसला की त्याला कुईं समजून तिथे खाच पाडणारी. पण लावून धरलेला षड्ज, तानपुरा, बासरी म्हणजे दुसरं काय असतं? मशीन त्यांनाच कापतं. दुसरी, सगळा आवाज सुमारे ५ हर्ट्झने सरकवून फेरी बिघडवणारी. भाषणात ते कळत नाही. पण मध्य सप्तकातल्या पांढरी एकच्या षड्जाला ५ हर्ट्झ म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळजवळ एक-तृतीयांश चढ. गाणारीचा मूळ आवाज आणि स्पीकरमधला आवाज एकत्र ऐकू आले की सेकंदाला पाच हेलकावे. ट्रस्टींच्या भाषणाला मशीन चालू ठेवा, गाणं सुरू व्हायच्या आत बंद करा.

फोमची टोपी ‘प’ आणि ‘फ’चे फटके आणि वारा अडवते, कुईं नाही. दुसऱ्याच्या थुंकीपासून मात्र वाचवते, त्यासाठी घाला. जुन्या टू-जी फोनची टर्र-टर्र केबलमध्ये शिरते हे खरं, पण ती कुईं नव्हे. हॉल भरला की कुईं कमी होते हेही खरं, कारण माणसं आणि कपडे भिंतींवरून परतणारा आवाज पितात. लाद्या आणि आरसे असलेल्या वाडीत हा फरक चांगलाच जाणवतो. गाणाऱ्यांच्या मागे जाड पडदा सोडला तर रिकाम्या वाडीतही थोडा मिळतो. पण मॉनिटरपासून माईकपर्यंतच्या त्या दीड मीटरमध्ये कोणी श्रोता येऊन बसत नाही, आणि बहुतेक कुईं तिथलीच असते.

मेसेजाच्या शेवटी लिहिलंय, ‘आपल्या सर्व मंडळांना पाठवा.’ ज्यांनी पाठवला आहे त्यांनी त्याच ग्रुपवर एवढंच लिहावं : चौथा मुद्दा चुकीचा आहे, पिन कापली असेल तर प्लग बदला, तोपर्यंत माईकला हात लावू नका.